मूल लांबच्या शाळेत घालण्याआधी, आणि घातल्यावर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून २१ तालुके आहेत. पाटणच्या खोऱ्यातली वाडी असो की जतच्या पूर्व भागातलं कन्नड बोलणारं गाव, बौद्धिक दिव्यांग मुलासाठी विशेष शाळा शोधायला निघालं की वाट सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशा मोठ्या गावांकडेच वळते. कधी ती कोल्हापूरला जाते, कधी थेट पुण्याला. रोजची ये-जा जमण्यासारखी नसते. मग निवासी शाळेचा विषय निघतो आणि घरात दोन तट पडतात. आजीला एवढंसं पोर परक्यात ठेवणं पटत नाही. बापाला वाटतं, इथे नुसतं बसून त्याचं काय होणार? दोघांचंही खरं असतं.

अशा घरांसाठी हे सारं टप्प्याटप्प्याने मांडते आहे. माझं म्हणणं आधीच सांगते. लांबची शाळा वाईट नसते. काही मुलांना तिचा फार उपयोग होतो. पण जवळचे मार्ग तपासून झाल्यावरच तिचा विचार करावा, आणि प्रवेशाची जेवढी तयारी करतो तेवढीच अंतर सांभाळण्याचीही करावी. दाखले गोळा करायला पालक महिनोन्‌महिने धावतात. मूल तिथे गेल्यावर त्याला भेटायला कोण जाणार, फोनवर बोलू न शकणाऱ्या मुलाची खुशाली कशी कळणार, हे मात्र प्रवेशाच्या आदल्या रात्रीपर्यंत ठरलेलं नसतं.

सुरुवात तपासणीपासून करू. मूल उशिरा बोललं, वर्गात मागे पडलं, तर त्यामागे निरनिराळी कारणं असू शकतात. म्हणून आधी कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू कमी येणारं मूल वर्षानुवर्षं ‘समजत नाही’ म्हणून मागच्या बाकावर बसलेलं असतं, असं आजही घडतं.

कान-डोळे ठीक असतील तर दोन शक्यता वेगळ्या करायच्या. एक अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी सर्वसाधारण असूनही वाचन, लेखन किंवा गणित यांत मूल सतत अडणं. डिस्लेक्सिया हा त्यातलाच प्रकार. दुसरी बौद्धिक दिव्यांगता, म्हणजे समजण्याची, शिकण्याची आणि रोजचे व्यवहार करण्याची क्षमता वयाच्या मानाने बरीच मागे असणं. दोन्ही २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतात, पण दोन्हींची वाट एक नाही.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला विशेष निवासी शाळेत घालायचं ठरतं. असं मूल हिशेबात, गप्पांत, शेतातल्या कामात कुठेच मागे नसतं. पुस्तक उघडलं की अडतं. त्याची जागा गावच्याच शाळेत आहे. त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवणारा शिक्षक हवा, आणि पुढे दहावीच्या परीक्षेत मंडळाकडून मिळणाऱ्या सवलती हव्यात: जादा वेळ, लेखनिक वगैरे. याचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांनंतर, म्हणजे तिसरीच्या सुमारास मिळू शकतं. पण पुष्कळ घरांत नववीपर्यंत कुणाच्या लक्षातच येत नाही. तिसरीतल्या मुलाला साधं वाक्य वाचता येत नसेल तर ‘पुढे येईल’ म्हणून थांबू नका.

इथून पुढचं लिखाण मुख्यतः बौद्धिक दिव्यांग मुलांबद्दल आहे, कारण लांबच्या शाळेचा प्रश्न खरा त्यांच्या घरात पडतो.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आधी ‘स्वावलंबन’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरायचा असतो. ई-सेवा केंद्रात तो भरून मिळतो. मग शासकीय रुग्णालयात तपासणी होते आणि पुढे यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र येतं. मुलाच्या आधार कार्डावरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षर न्‌ अक्षर जुळतंय ना, हे अर्जाआधी पाहा. तपासणीचा वार आणि त्या दिवशी मानसशास्त्रज्ञ हजर असणार का, हे फोन करून विचारा. म्हसवडहून पहाटे निघून साताऱ्याला पोचायचं आणि हात हलवत परतायचं, हे मुलालाही सोसत नाही.

तपासणीत दोन भाग असतात. पहिला बुद्ध्यंकाचा. मुलाला ठोकळे लावायला, चित्रं ओळखायला, आकडे पुन्हा म्हणायला सांगतात. यासाठी बिने-कामत चाचणी बऱ्याच ठिकाणी वापरतात. मुळात फ्रान्समध्ये जन्मलेली ही चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतून घेतली. आपल्या भागासाठी ही गोष्ट मोलाची आहे. जतच्या पूर्वेकडचं मूल घरी कन्नड बोलत असेल तर ते तपासणाऱ्याला आधी सांगा. परक्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिलं, तर तो गप्पपणा त्याच्या बुद्धीच्या खात्यावर जमा होतो.

दुसऱ्या भागात प्रश्न आपल्याला विचारतात. मूल हाताने जेवतं का, बटण लावतं का, एकटं दुकानात जातं का? याला सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी म्हणतात. इथे आईचं मन कचरतं. चारचौघांत मुलाचं उणं सांगवत नाही, म्हणून ‘करतो की’ असं उत्तर जातं. खरं तर शर्ट तिनेच घातलेला असतो. मूल कुणाच्याही मदतीशिवाय जे करतं तेवढंच सांगायचं. आठवडाभर आधी घरी पाहून कागदावर लिहून नेलं तर उत्तम.

यातून टक्केवारी ठरते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सौम्य बौद्धिक दिव्यांगतेला ५० टक्के, मध्यमला ७५, तीव्रला ९० आणि अतितीव्रला १०० टक्के दिव्यांगत्व धरतात. ही योजना-सवलतींसाठीची मोजणी आहे. ७५ टक्क्यांचं मूल किती शिकेल हे त्यावरून कळत नाही. लहान मुलाचं प्रमाणपत्र कायमचं नसतं. नूतनीकरणाची तारीख त्यावरच लिहिलेली असते. ती कॅलेंडरवर मांडून ठेवा, कारण मुदत उलटली की सवलती अडतात.

आता जवळची शाळा. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं म्हटलं आहे. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ त्याच्याही पुढे जातं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती कुटुंबाची आहे, मुख्याध्यापकांची नाही. ‘आमच्याकडे सोय नाही, तुम्ही विशेष शाळा बघा’ असं उत्तर आलं तर भांडू नका, पण ते लेखी मागा. अर्ज करून त्याची पोच घ्या आणि प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. तोंडी नकार फार सहज दिला जातो. लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा मार्ग निघतो.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणखी एक गोष्ट विचारा: समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आपल्या गावाला कधी येतात? समग्र शिक्षा योजनेत तालुक्याच्या पातळीवर असे शिक्षक असतात. ते गावच्या शाळेत जाऊन शिक्षकांना आणि मुलाला मदत करतात. फार तीव्र दिव्यांगत्व असेल तर गृहाधारित शिक्षणाची, म्हणजे शिक्षकाने घरी येऊन शिकवण्याची, तरतूदही आहे. याच योजनेत प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता आणि दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता बसतो. रक्कम मोठी नाही. पण अर्ज केला की मूल त्या यादीत येतं, आणि यादीत नसलेल्या मुलासाठी कुणी काही करत नाही.

हे सगळं करूनही लांबच्या शाळेची गरज उरते, ती ठरावीक घरांत. गावच्या शाळेत मूल नुसतं बसून असतं. किंवा आई एकटी असते आणि वाढत्या वयाचा, ताकदीचा मुलगा तिला आवरत नाही. आपल्याकडे आणखी एक कारण आहे, स्थलांतर. जत, आटपाडी, माणमधली ऊसतोडीची कुटुंबं हंगामभर फडावर असतात. विटा-आटपाडीकडची गलाईवाली घरं सोन्या-चांदीच्या धंद्यासाठी दूरच्या राज्यांत राहतात आणि मूल आजी-आजोबांकडे असतं. सैन्यातल्या वडिलांच्या बदल्या होत राहतात. या सगळ्यांना शेजारीपाजारी ‘पोर टाकलं’ म्हणतात, आणि तो बोल आईलाच ऐकावा लागतो. ज्यांना दुसरी सोय करता येत नाही त्यांनी तो मनाला लावून घेऊ नये.

सैनिक कुटुंबांनी लष्कराच्या कल्याण संघटनेच्या ‘आशा’ शाळांची चौकशी करावी. त्या लष्करी ठाण्यांमध्ये आहेत. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी बदली धोरणात बौद्धिक दिव्यांग मुलांचे पालक विशेष संवर्गात येतात. तो हक्क वापरून मुलाच्या शाळेजवळ बदली मिळाली तर मूल वसतिगृहात ठेवायची गरजच राहत नाही.

शाळांची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे मागा. विशेष शाळा बहुतेक स्वयंसेवी संस्था चालवतात. नोंदणी, तपासणी आणि अनुदान दिव्यांग कल्याण विभागाकडे असतं आणि त्याचं आयुक्तालय पुण्यात आहे. डिसेंबर २०२२ पासून राज्यात हा विभाग स्वतंत्र झाला आहे. शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, निवासी परवानगी किती मुलांची आहे आणि प्रत्यक्षात किती राहतात, हे तीन प्रश्न यादी हातात आली की विचारायचे. अनुदानित निवासी शाळेत राहणं-जेवण मोफत असतं. तरीही पैसे मागितले तर पावती मागा.

यादीतल्या शाळा नकाशावर पाहू नका, रस्त्यावर पाहा. सांगली ते कोल्हापूर ५० किलोमीटर, म्हणजे काहीच नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैतही पूर आला. नदीपल्याडच्या शाळेत मूल असेल तर पावसाळ्यात तिथे पोचू शकणारं कुणीतरी त्याच बाजूला हवं: मावशी, आत्या, जुना शेजारी, कुणीही. त्या माणसाचं नाव शाळेत लेखी नोंदवा. मिरज-सांगली-कऱ्हाड-सातारा या रेल्वेमार्गावरची शाळा मिळाली तर भेटी खूप सोप्या होतात. बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेत सवलत आहे. एस.टी.त दिव्यांगांना ७५ टक्के, आणि ६५ टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सोबत्याला ५० टक्के सवलत मिळते.

शाळा पाहायला दोनदा जा. सकाळी अकराला कुठलीही शाळा नीटनेटकी दिसते. दुसऱ्यांदा संध्याकाळी सहा-सातला जा, जेवणाच्या सुमारास. मुलांची नखं पाहा, पायात काय आहे पाहा, संडास-बाथरूम पाहा. रात्री किती माणसं असतात? मुलींच्या बाजूला बाईच असते ना? औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तेही विचारा. विशेष शिक्षकाला ती लागते.

वर्गात काय शिकवतात हे विचारल्यावर ‘सगळं शिकवतो’ असं उत्तर आलं तर मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा दाखवायला सांगा, म्हणजे त्या एका मुलाने पुढच्या काही महिन्यांत काय काय शिकायचं त्याची लेखी योजना. मुंबईतल्या जय वकील फाउंडेशनने, ही संस्था १९४४ पासूनची, राज्य शासनाबरोबर ‘दिशा’ नावाचा अभ्यासक्रम राज्यातल्या अशा शाळांसाठी आणला आहे. आपली शाळा तो वापरते का, हे विचारण्यासारखं आहे.

प्रवेश ठरला की एक साधी वही करा. माझ्या मते सगळ्या फाइलींपेक्षा ही वही महत्त्वाची. आपल्या मुलाला घरात जे न सांगता कळतं आणि आपल्याला त्याचं कळतं, ते तिथे कुणालाच माहीत नसतं. म्हणून लिहा: शू आली की शर्टाचं टोक ओढतो. ‘बाबा’ म्हणतो तेव्हा त्याला पाणी हवं असतं. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, कानावर हात ठेवतो. डाव्या कुशीवर झोपतो, अंगावर चादर नसली तर झोपत नाही. वरण-भात कालवून दिला तरच खातो. दाढ दुखली तर रडत नाही, भिंतीला डोकं घासतो. यातली शेवटची ओळ कुणी वाचली तर मुलाला दातांच्या डॉक्टरकडे नेतील. नाही वाचली तर ‘हट्टी आहे’ म्हणून सोडून देतील.

फिट येणाऱ्या मुलाची औषधं, मात्रा आणि वेळ वहीच्या पहिल्या पानावर, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या प्रतीसह. फिटचं औषध मधेच बंद पडणं धोक्याचं असतं. महिनाभराचा साठा देऊन परतू नका. संपायच्या आठवडाभर आधी नवा कोण आणणार हे ठरवून निघा.

सोडायच्या दिवशी बहुतेक पालक एकच चूक करतात आणि ती मायेपोटी करतात. मूल खेळात रमलं की मागच्या दाराने निघून येतात, किंवा ‘दुकानात जाऊन येतो’ म्हणतात. मूल वाट बघत राहतं. पुढच्या भेटीत ते आईचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की आई नाहीशी होते हे ते शिकलेलं असतं. रडलं तरी चालेल, पण सांगून निघा. शक्य असेल तर आधीच्या महिन्यात मुलाला त्या शाळेत दोन-तीनदा नेऊन आणा. घरातल्या माणसांचे मोठे फोटो सोबत द्या. आपण येणार त्या दिवसावर कॅलेंडरमध्ये लाल गोल करा आणि त्या दिवशी काहीही झालं तरी जा.

काही शाळा पहिले काही आठवडे भेटायला येऊ नका म्हणतात. मूल रुळावं म्हणून असं सांगत असतील, पण पूर्ण संपर्क तोडायला मी कुणालाही सांगणार नाही. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल तरी ठरवून घ्या, आणि तो मुलाबरोबर हवा, फक्त अधीक्षकांबरोबर नाही. मूल बोलत नसलं तरी त्याचा चेहरा, वजन, अंगावरच्या खुणा दिसतात.

हे विनाकारण सांगत नाही. २०११ मध्ये पनवेल भागातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींच्या एका निवासी संस्थेतले अत्याचार उघडकीला आले. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातल्या अशा बालगृहांवर लक्ष ठेवण्यासाठी समिती नेमली. ज्या मुलांना भेटायला कुणी येत नाही त्यांना धोका जास्त असतो. अचानक अंथरूण ओलं होऊ लागलं, एखाद्या माणसाला पाहून मूल आकसू लागलं, कपडे बदलताना घाबरू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली पोलिसांकडे जायचं. शाळेच्या परवानगीची गरज नसते.

दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत मूल घरी येतं तेव्हा वेगळाच प्रश्न उभा राहतो. शाळेत स्वतःच्या हाताने जेवायला शिकलेल्या मुलाला आजी भरवायला बसते. तिची माया समजते, पण महिनाभरात सहा महिन्यांची मेहनत वाया जाते. सुट्टीआधी शिक्षकांकडून एकच कौशल्य नीट शिकून घ्या. समजा शर्टाचं बटण आहे. शिक्षक बहुधा शेवटच्या टप्प्यापासून सुरू करतात: बटण काजातून अर्धं आपण काढायचं, उरलेलं मुलाने ओढायचं. ते जमलं की आधीचा टप्पा. घरातल्या सगळ्यांनी त्याच क्रमाने करायचं.

उलटंही होतं. शाळेतून आलेलं मूल घरी अस्वस्थ होतं, घंटेची वाट बघतं, ताट ठरावीक जागीच मागतं. याचा अर्थ ते घर विसरलं असा नाही. त्याला ठरलेला दिनक्रम हवा असतो. उठण्या-जेवण्याच्या वेळा शाळेसारख्याच ठेवल्या की दोन-चार दिवसांत ते सावरतं.

वर्षातून निदान एकदा, शक्यतो जूनच्या आधी, हा निर्णय पुन्हा तपासा. मूल काय नवीन शिकलं? गावाजवळ नवीन सोय झाली का? घरची परिस्थिती बदलली का? एकदा घातलं म्हणजे अठरा वर्षांपर्यंत तिथेच, असा काही नियम नाही.

अठरा हा आकडा मात्र लक्षात ठेवायलाच हवा. विशेष शाळेतलं शिक्षण तिथे संपतं आणि पुष्कळ घरांना ते शेवटच्या वर्षी कळतं. अठरानंतर मूल कायद्याने सज्ञान होतं. व्यवहारांसाठी पालकत्व हवं असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतची. तिच्यासाठी अठराची वाट बघायची गरज नाही, आजच अर्ज करता येतो.

पुढे प्रौढांच्या कार्यशाळा असतात, पण त्याही मोठ्या गावांतच. म्हणून सोळाव्या वर्षापासून शाळेला सांगा की आराखड्यात आमच्या घरचं काम घ्या. तासगावकडच्या घरात बेदाणा निवडणं असेल, माणदेशात शेळ्या सांभाळणं, सांगलीत हळकुंडं निवडून पोत्यात भरणं. शिक्षकांना त्या कामाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ नेऊन दाखवा, म्हणजे त्यांना त्याचे टप्पे पाडता येतील.